मलावींतील दुष्काळ व खुरपणीचे हात

आफ्रिका खंडांतून दुष्काळाची वार्ता आली कीं, तेथें पाऊस पडला नसेल असें आपण चटकन् धरून चालतों. आग्नेय आफ्रिकेंतील मलावी ह्या लहानशा देशावर २००१-०२ सालीं जो दुष्काळ आला, त्याची हकीकत निराळी आहे. २००१ च्या आरंभीं पुरानें मक्याचें पीक घटलें हें खरें. परंतु त्याच वर्षीं सरकारी कोठारांतील राखीव मकाहि जवळजवळ सर्व विकला गेला. साठा कमी करावा, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सल्ला होता. सगळाच विकावा, असें मात्र त्यानें सांगितलें नव्हतें!

मका हें तेथील मुख्य अन्न, आणि पाऊस वर्षांतून एकदांच. नोव्हेंबर-डिसेंबरांत पेरणी, एप्रिल-मेमध्यें काढणी. मधले जानेवारी ते मार्च हे कणगी रिकामी होण्याचे महिने, आणि तणाचा जोरहि तेव्हांच. घरांत दाणा नसला म्हणजे कुणबी दुसऱ्याच्या शेतांत मोलानें राबावयास जातो. ह्या कामास तिकडे 'गान्यू' म्हणतात. इकडे त्याचें स्वतःचें पीक तणांत बुडतें. अशा रीतीनें एका उपाशी वर्षाच्या पोटीं दुसरें जन्मास येतें.

त्यांतच त्या काळीं तेथील प्रौढांपैकीं सुमारें सातांत एकास एच्. आय्. व्ही.ची बाधा होती. हा रोग विशेषेंकरून ऐन कमावत्या वयाच्या माणसांस गांठतो. कर्ता अंथरुणावर, बायको त्याच्या शुश्रूषेंत. खुरपें कोणीं धरावें? औषधपाण्यासाठीं शेळ्या विकल्या जातात, बियाणें खाल्लें जातें, कोंवळीं कणसें खुडलीं जातात. भरींत भर पटकीची सांथ आली व तिनें ३३ हजारांवर लोकांस ग्रासलें.

अध्यक्ष मुलुझी ह्यांनीं राष्ट्रीय आपत्ति जाहीर केली ती फेब्रुवारी २००२ च्या अखेरीस. तोंवर खुरपणी होऊन गेली होती. त्यानंतर आलेल्या धान्यानें प्राण वांचले असतील, पण शेत वांचत नाहीं. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, राखीव कोठाराचा विचार केवळ व्याजाच्या हिशेबानें करूं नये, आणि मदतीचें धान्य जानेवारीपूर्वीं गांवांत पोंचलेंच पाहिजे.

२००५ पासून मलावी सरकारनें बी-खत सवलतीनें दिलें व पुढील हंगामीं पीक पुष्कळ वाढलें. पाऊसहि बरा झाला होता, हें विसरतां कामा नये. त्या योजनेची वाहवा सर्वत्र झाली. परंतु २००४ पासून त्याच देशांत एच्. आय्. व्ही.वरील औषधें सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळूं लागलीं होतीं, आणि ती मदत आम्हांस खताच्या गोणीइतकीच शेतकीची वाटते.