गुणतक्त्यात न मावणारी पकड

१/ जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ कसा आहे, असे विचारले की उत्तरात बहुधा आधी चढाईपटूचे नाव येते. कोपरा सांभाळणाऱ्याचे नाव दुसऱ्या प्रश्नानंतर निघते. हा क्रम खऱ्या योगदानाचा आहे, की नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा? इतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

२/ महाराष्ट्रात हुतुतू म्हणून वाढलेल्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडत गेले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. खेळाचे तीन प्रकार रूढ होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला खेळाडू परत येत नसे, अमरमध्ये तो मैदान सोडत नसे, तर संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला गडी जिवंत होई. आजची स्पर्धात्मक कबड्डी संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे.

३/ आता गुणांचा हिशोब पाहू. एका चढाईत दोन-तीन गडी टिपता येतात, वर बोनसचा गुणही मिळू शकतो. पकडीला मात्र एकच गुण. बचावात तीन वा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला तेवढा एक गुण अधिक. कोपऱ्याने घोटा धरला, शेजारच्याने पळवाट बंद केली, साखळीने रेटा दिला, तरी गुणतक्त्यात पकड साधारणतः एकाच्या नावावर चढते. आणि ज्या बचावामुळे चढाईपटू रिकाम्या हाताने परतला, त्या बचावाच्या नावावर काहीच चढत नाही.

४/ पण संजीवनीच्या नियमात पकडीचे मोल एका गुणावर थांबत नाही. प्रतिस्पर्ध्यांचा मुख्य चढाईपटू पकडला गेला, की तो जिवंत होईपर्यंत त्यांचे आक्रमण दुय्यम खेळाडूंवर येते. त्याच क्षणी आपला एक गडी मैदानात परततो. गुणफलकावर १ दिसतो, मैदानावर मात्र दोन्ही बाजूंचे बळ बदललेले असते.

५/ खानदेशाच्या इतिहासातही असाच एक हिशोब आहे. गुजरात, माळवा आणि बहमनी या बलाढ्य सत्तांच्या मध्ये फारुकींचे छोटे राज्य चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून दोनशेहून अधिक वर्षे टिकले. त्यात असीरगडाच्या तटबंदीचा वाटा मोठा होता. सर्वांच्या लक्षात राहते ती तारीख मात्र जानेवारी १६०१ची, अकबराने गड घेतला तेव्हाची. गड रोगराईमुळे पडला की फितुरीमुळे, यावर मोगल दरबारचा अबुल फजल आणि जेझुइट पाद्री यांचे वृत्तांत जुळत नाहीत. गड घेणाऱ्याचा दिवस नोंदला जातो, राखणाऱ्यांची वर्षे नोंदीत विरून जातात.

६/ आधुनिक कबड्डीतील दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. १९९० पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताकडे होते. २०१८ साली जकार्तामध्ये उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. भारताकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे नामांकित चढाईपटू होते; पण फझल अत्राचलीच्या इराणी बचावासमोर भारताचे गुण विशीही गाठू शकले नाहीत.

७/ दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. हंगामात सर्वाधिक चढाई-गुण मिळवणारा देवांक पाटणा पायरेट्सकडे होता. जिंकला तो मजबूत बचावासाठी ओळखला गेलेला हरियाणा स्टीलर्स, ३२-२३ असा.

८/ याचा अर्थ चढाई दुय्यम आहे, असा नव्हे. गुण घेतल्याशिवाय गडी जिवंत होत नाहीत, आणि नुसत्या पकडींवर सामना ओढून नेणे दमछाक करणारे असते. पिछाडीवर पडलेल्या संघाला एका झटक्यात सामन्यात आणण्याची ताकद चढाईतच आहे. मात्र चढाईपटू स्वतःची वेळ आणि दिशा निवडतो. बचावपटूला दुसऱ्याने निवडलेल्या क्षणाला उत्तर द्यावे लागते, तेही शेजाऱ्याशी पाऊल जुळवून. म्हणून दोघांची तुलना एकाच मापाने करणे अन्यायाचे ठरते.

९/ हा वाद केवळ रसिकांचा नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. महाविद्यालयाच्या मैदानावरून विद्यापीठाच्या संघात जाण्याच्या जागा मोजक्याच. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्याची वाट स्पर्धांतील कामगिरी व प्रमाणपत्रांतूनच जाते. शेतकरी वा मजुराच्या घरातून आलेल्या मुलासाठी निवड म्हणजे पुढच्या आयुष्याचा प्रश्न असू शकतो. निवड चाचणी अल्पवेळाची असेल, तर तीत चढाई सहज उठून दिसते. साखळीचे कसब मात्र सोबत खेळून मुरलेल्या जोडीदाराशिवाय दिसतच नाही.

१०/ उपाय खर्चिक नाही. गुणलेखकाशेजारी एक विद्यार्थी वही घेऊन बसला तरी पुरे. पकडीला कोणी सुरुवात केली, साथ कोणी दिली, किती चढाया निष्फळ ठरवल्या, घाईने पुढे झेपावून किती गुण दिले, एवढे चार रकाने त्याने भरावेत. कोपऱ्यांची चाचणी जोडीने घ्यावी. एका मोसमाच्या वह्या हाती आल्या, की कोणत्या महाविद्यालयाचे बळ आक्रमणात आहे आणि कोणाचे बचावात, यावर आठवणींऐवजी पुराव्याने बोलता येईल.

११/ धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाच्या रूपाने एका इतिहासकाराचे स्मरण जपले आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे गोळा करत राहिले, कारण कागदाविना इतिहास उभा राहत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याच प्रदेशातील मैदानांवर घोटा धरून सामना फिरवणाऱ्या मुलांची निदान एका ओळीची नोंद तरी असायला हवी.