विश्लेषण : मोबाइल नेटवर्क सॉफ्टवेअरवर कसं जातं? घाई का नको?

तुम्ही फोन लावता तेव्हा सिम ओळखणं, कॉल जोडणं, डेटा मोजणं अशी कामं पडद्यामागे सुरू असतात. पूर्वी यातल्या बहुतेक कामांना वेगळं, महागडं यंत्र लागायचं. आता तीच कामं साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर करतं. हेच नेटवर्क व्हर्च्युअलायझेशन. २०१२ मध्ये एटी अँड टी, बीटीसारख्या कंपन्यांनी एकत्र येऊन ही कल्पना मांडली.

जुन्या कंपन्या काय करतात?

त्यांना चालू नेटवर्क बंद ठेवता येत नाही. म्हणून जुनं आणि नवं काही काळ सोबत चालवायचं, थोडे ग्राहक नव्यावर हलवायचे आणि गडबड झाली तर परत आणायचे. अमेरिकेतल्या एटी अँड टीने २०२० पर्यंत कोअर नेटवर्कची ७५ टक्के कामं सॉफ्टवेअरवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं होतं, तेही टप्प्याटप्प्यानेच.

मग नव्यांचं सोपं?

जपानच्या राकुटेनने एप्रिल २०२० मध्ये सुरुवातच सॉफ्टवेअरवरच्या नेटवर्कने केली. जुन्या यंत्रांचं ओझं नव्हतं. पण सॉफ्टवेअर टॉवर उभारत नाही. जिथे स्वतःचे टॉवर नव्हते, तिथे केडीडीआय या प्रतिस्पर्धी कंपनीचं नेटवर्क भाड्याने घ्यावं लागलं.

आपल्याला काय फरक पडतो?

क्षमता लवकर वाढते, नव्या सेवा लवकर येतात. मात्र अनेक कामं एकाच व्यवस्थेवर आली की एका चुकीच्या अपडेटने लाखो फोन एकदम बंद पडू शकतात. रुग्णवाहिकेला लावलेला फोनही त्यातच आला. त्यामुळे कंपनीने किती खर्च वाचवला, यासोबत पर्यायी व्यवस्था किती पक्की ठेवली, हेही विचारायला हवं.