जुने सागवान, नवी सदनिका

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, दुधाळी या भागांत शिरले. पाणी ओसरल्यावर दारोदारी जे सामान बाहेर आले, त्यातून गृहसजावटीचा एक धडा कोल्हापूरकरांना फुकट नव्हे, चांगलाच महागात मिळाला. भुसा दाबून बनवलेल्या फळ्यांची कपाटे पाणी प्यायली की फुगतात, त्यांच्या कडा फुटतात, आणि मग त्यांत स्क्रूही धरत नाही. भरीव सागवानी पलंग मात्र धुऊन, सावलीत सावकाश वाळवला तर पुन्हा वापरात येतो. अर्थात जुने ते सारे टिकाऊच, असे नव्हे. वाळवीने आतून पोखरलेली दिवाणखान्यातील कपाटेही याच शहरात निघतात.

पेठांमधील वाडे पाडून तेथे सदनिका उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून हा प्रश्न घरोघर येतो. सामान न्यायचे की विकायचे, याचा निर्णय बहुधा घर रिकामे करण्याच्या शेवटच्या आठवड्यात, घाईने होतो. घेणारा व्यापारी तुळयांचे लाकूड घनफुटांवर मोजतो आणि पितळ किलोवर. त्याच्या व्यवसायाला ते माप योग्यच आहे. कुटुंबाने मात्र मोडीची किंमत आणि तीच वस्तू आज नव्याने करवून घेण्याची किंमत, हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. शिसवी फडताळाच्या बाबतीत या दोहोंतील अंतर डोळे उघडणारे असते.

जुन्या-नव्याचा मेळ कसा बसतो हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून उभारलेला आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवीन राजवाडा शहरातच आहे. त्यात गुजरात-राजस्थानातील जैन व हिंदू वास्तुकलेचे घटक आहेत, घड्याळाचा मनोरा युरोपीय धाटणीचा आहे आणि दरबारातील रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. इतक्या परीच्या गोष्टी एकमेकींशी भांडत नाहीत, कारण साऱ्यांना धरून ठेवणारा काळा दगड एकच आहे. सदनिकेत हे काम भिंतीचा रंग आणि फरशी करतात. ती साधी, एकरंगी असली की शिसवी पेटाऱ्याशेजारी आजचा राखाडी सोफाही शोभतो. चकाकती फरशी, छतावर रंगीत दिवे, भिंतीवर नक्षीचा कागद आणि त्यात आजीचा चौरंग, असे झाले की चौरंगच उपरा दिसू लागतो.

मोजमाप आधी घ्यावे. वाड्यातील पलंग जिन्याच्या वळणावर किंवा लिफ्टच्या दाराशी अडतो. जुन्या सुतारकामातील अनेक सांधे खिळ्यांऐवजी खोबणीत कुसू बसवून केलेले असतात, त्यामुळे जाणता सुतार तो पलंग सुटा करून नेऊ शकतो. हातोडा घेऊन येणाऱ्या हमालाला मात्र हे काम सांगू नये. झोपाळ्याचे तसे नाही. वाड्यात त्याच्या कड्या भक्कम तुळईला असत. सदनिकेच्या स्लॅबला नंतर छिद्रे पाडून त्या बसवण्यापूर्वी अभियंत्याला विचारलेच पाहिजे. एरवी लोखंडी चौकटीवरचा झोपाळा अधिक बरा.

जुन्या वस्तूला काम द्यावे. पाटावर जेवायला बसावे, फडताळात ग्रंथ ठेवावेत, पेटाऱ्यात रजया घालाव्यात. पितळी घंगाळात प्लास्टिकची फुले आणि जात्यावर काच ठेवून चहाचे टेबल, हा प्रकार हॉटेलवाल्यांना लखलाभ असो.

पॉलिशविषयी एक बाब जैन कुटुंबांना विशेष ठाऊक असावी. फ्रेंच पॉलिशचा मूळ घटक लाख आहे आणि लाख हा कीटकाचा स्राव. ज्यांना ते नको असेल त्यांनी सुताराला जवसाच्या तेलाचे हात द्यायला सांगावे. चकाकी कमी येते, पण लाकडाचे रेषाकाम खुलते. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात.

बाजारातून ‘अँटिक’ म्हणून विकत घेणाऱ्यांनी खणाची मागील बाजू आणि तळ पाहावा. जुनेपणा पुढच्या नक्षीत सहज आणता येतो, तळाशी तो आणण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडील कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात, आणि अशा वस्तू परदेशी असलेल्या मुलांकडे खासगीरीत्या पाठवता येत नाहीत. हस्तिदंताचा तर व्यापारच बंद आहे.

राहिली वाटणी. दागिने आणि कागदपत्रे यांची यादी होते, पाट-पेटारे ‘किरकोळ सामान’ या एका ओळीत जातात, आणि सासरी गेलेल्या मुलींना त्या ओळीविषयी कोणी विचारत नाही. पुढे आईचा पेटारा विकला गेल्याचे कळते तेव्हा बहीण-भावांचे बोलणे खुंटते. म्हणून सामान हलवण्यापूर्वी सर्वांना, मुलींनाही, एकदा घरी बोलवावे. प्रत्येक वस्तू कोणाच्या लग्नात आली, कोणत्या साली केली, हे वडीलधाऱ्यांकडून त्याच दिवशी विचारून घ्यावे आणि खणाच्या तळाशी लिहून ठेवावे. पेन्सिलीने, कारण कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत शाई पसरते.