तारखेचा नियम प्रोग्रामरने नाही, मालकाने ठरवायचा!



टिफिन असो, जिम असो की क्लासेस, महिन्याच्या पैशांवर चालणारा धंदा म्हटला की हल्ली बरेच जण स्वतःचं सॉफ्टवेअर करून घेतात. लोगोवर आठवडाभर चर्चा होते. तारखेवर मात्र एक शब्द नाही. "ते काय, प्रोग्रामर बघेल!" माझं स्पष्ट मत आहे, हे त्याच्यावर सोडू नका.

का? बघा. समजा तुमचं सॉफ्टवेअर जावामध्ये आहे. ग्राहकाने ३१ जानेवारी २०२५ ला पैसे भरले. जावाच्या लोकलडेटला "एक महिना मिळव" सांगितलं, तर उत्तर येतं २८ फेब्रुवारी. "३० दिवस मिळव" सांगितलं, तर २ मार्च. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत! पण ग्राहकाला कुठली तारीख द्यायची, हा कोडचा नाही, तुमच्या धंद्याचा निर्णय आहे. तुम्ही सांगितलं नाही, तर प्रोग्रामर त्याच्या सोयीने ठरवणार आणि काउंटरवर भांडण तुम्हाला ऐकावं लागणार.

दुसरी गोष्ट वेळेची. पुष्कळ सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १ एप्रिलला रात्री २ वाजता आलेली ऑर्डर सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चची, रात्री साडेआठची! वेळ यूटीसीत साठवली तर चालेल, पण बिलावर तारीख छापताना ती भारतीय वेळेत बदललीच पाहिजे. नाहीतर नव्या आर्थिक वर्षाचं बिल जुन्या वर्षात जाऊन बसेल. मग सीएसमोर हिशोब जुळवत बसा.

तिसरी गोष्ट, अवजार कुठलं वापरलंय? जावाच्या जुन्या डेट क्लासमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात आणि तुम्ही दिलेल्या वर्षात १९०० मिळवले जातात. सरळ २०२५ लिहिलं की झालं ३९२५! म्हणून तर २०१४ मध्ये जावा ८ सोबत जावा-टाइम ही नवी व्यवस्था आली. आज नवं काम जुन्या क्लासवर करून घेण्यात काहीच अर्थ नाही.

कोडिंग शिकायची गरज नाही. ॲडव्हान्स देण्याआधी फक्त तीन प्रश्न विचारा. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना की ३० दिवस? बिलावरची तारीख भारतीय वेळेची का? तारखांसाठी जावा-टाइम वापरणार का? उत्तरं कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि सॉफ्टवेअर हातात आलं की ३१ जानेवारी आणि ३१ मार्चची मध्यरात्र टाकून स्वतः तपासा.

उधारीची तारीख आपण दुसऱ्याला ठरवू देतो का? नाही ना? मग ही का द्यायची?