विश्लेषण : गेम येण्याआधीच पैसे भरावेत का? ‘प्री-ऑर्डर’मध्ये फायदा कोणाचा, जोखीम कोणाची?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ अर्थात ‘जीटीए ६’ या गेमच्या प्रकाशनासाठी रॉकस्टार गेम्सने आधी २०२५ हे वर्ष सांगितले होते. मग २६ मे २०२६ ही तारीख आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही १९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. आधीच्या ‘जीटीए ५’च्या २० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यामुळे नव्या भागासाठी आगाऊ पैसे भरायला तयार असलेल्यांची संख्या जगभर मोठी आहे. भारतात कन्सोलवरील मोठ्या गेमची किंमत साधारण चार ते पाच हजार रुपयांच्या घरात असते. न खेळलेल्या, कोणी तपासूनही न पाहिलेल्या गेमसाठी एवढी रक्कम आधीच भरावी का? कंपन्या त्यासाठी एवढा आग्रह का धरतात? आणि गेम फसला तर पैसे परत मिळतात का?

प्री-ऑर्डरची पद्धत कशी सुरू झाली?

गेम कार्ट्रिज किंवा डिस्कवर मिळत होते, तेव्हा प्रत्येक दुकानात मोजक्याच प्रती येत. लोकप्रिय गेम पहिल्याच दिवशी संपत असे. म्हणून दुकानदाराकडे थोडी रक्कम भरून आपली प्रत राखून ठेवायची, अशी पद्धत अमेरिका-युरोपातील दुकानांत रुजली. त्यात ग्राहकाचा फायदा उघड होता. किती प्रती मागवायच्या याचा अंदाज दुकानदारालाही येत असे. आज बहुतेक गेम डाउनलोड करून घेतले जातात. डाउनलोडचा साठा कधी संपत नाही. पहिल्या दिवशी घ्या किंवा सहा महिन्यांनी, गेम मिळतोच. म्हणजे ज्या कारणासाठी प्री-ऑर्डर सुरू झाली, ते कारण डिजिटल बाजारात उरलेले नाही.

साठा अमर्याद, तरी आग्रह कशासाठी?

कारण कंपनीला ही रक्कम आणि हा आकडा दोन्ही हवे असतात. गेम हाती पडेपर्यंत प्री-ऑर्डरचे पैसे हिशेबात उत्पन्न म्हणून धरले जात नाहीत, पण मागणीचा अंदाज त्यातून मिळतो. गुंतवणूकदारांना तो दाखवता येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. गेम वाईट निघाला, तरी परीक्षणे येण्याआधी झालेली विक्री झालेलीच असते. ग्राहकाने वाट पाहू नये म्हणून आमिषे दाखवली जातात : खास पोशाख, शस्त्रे, जादा मोहिमा किंवा इतरांच्या काही दिवस आधी खेळायची मुभा. २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ ६ सप्टेंबरला आला, पण महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना तो १ सप्टेंबरपासूनच खेळता आला. म्हणजे साठ्याची टंचाई संपली, तशी वेळेची टंचाई तयार करण्यात आली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेण्यासारखा वाटेल. तेथे नमुना सदनिका दाखवतात, येथे ट्रेलर. तेथे ताबा लांबतो, येथे प्रकाशन. फरक असा, की ‘रेरा’ कायद्यानुसार नोंदणीकृत करार होईपर्यंत विकासकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. गेमच्या बाबतीत अशी मर्यादा नाही. ‘स्टीम’सारख्या दुकानात नोंदणीच्या क्षणीच पूर्ण किंमत आकारली जाते.

‘सायबरपंक’ प्रकरणात काय घडले?

प्री-ऑर्डरच्या जोखमीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘सायबरपंक २०७७’. ‘द विचर ३’सारखा नावाजलेला गेम देणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रॉजेक्ट कंपनीचा हा गेम. एप्रिल २०२० ची तारीख तीनदा पुढे गेल्यावर तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. तोवर ८० लाख लोकांनी आगाऊ खरेदी केली होती. डिजिटल प्री-ऑर्डरमधून येणारे उत्पन्नच गेमच्या निर्मितीचा आणि त्या वर्षाच्या प्रचाराचा खर्च भरून काढणारे असल्याचे कंपनीने जाहीर केले. थोडक्यात, ग्राहकांनी गेम उघडण्यापूर्वीच खर्च वसूल झाला होता.

प्रकाशनाआधी परीक्षकांना मिळाली ती फक्त पीसीवरील आवृत्ती. शक्तिशाली संगणकांवर ती बरी चालत होती, त्यामुळे सुरुवातीची परीक्षणे उत्तम आली. लाखो लोकांकडे मात्र जुने पीएस४ आणि एक्सबॉक्स वन होते. त्यांवर चित्र अडखळत होते, पात्रे विचित्र वागत होती, गेम मध्येच बंद पडत होता. या आवृत्तीची अवस्था ग्राहकांना पैसे भरल्यानंतर कळली. आठवडाभरात सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देण्याची घोषणा केली. तो तेथे परतला जून २०२१ मध्ये. कंपनीच्या सहसंस्थापकांनी जाहीर माफी मागितली. अमेरिकेत गुंतवणूकदारांनी भरलेला दावा १८.५ लाख डॉलरवर मिटला.

पुढे कंपनीने तीन वर्षे दुरुस्त्या केल्या. सप्टेंबर २०२३ मधील मोठ्या बदलांनंतर हाच गेम वाखाणला गेला. म्हणजे ज्यांनी वाट पाहिली, त्यांना अधिक चांगला गेम कमी किमतीत मिळाला. सर्वाधिक विश्वास ठेवणाऱ्यांना सर्वांत जास्त पैशांत सर्वांत वाईट आवृत्ती मिळाली.

हा एकच अपवाद होता का?

नाही. ‘बॅटमॅन : अर्कहॅम नाइट’ची पीसी आवृत्ती जून २०१५ मध्ये आली आणि एवढी सदोष निघाली, की दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. २०१६ चा ‘नो मॅन्स स्काय’ आधीच्या मुलाखतींत सांगितलेल्या अनेक गोष्टींविना आला. ‘द डे बिफोर’ हा बहुचर्चित गेम ७ डिसेंबर २०२३ रोजी आला आणि चार दिवसांत तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि खेळाडूच न मिळाल्याने ६ सप्टेंबरला बंद झाला. तेथे सोनीने सर्वांचे पैसे परत केले.

नामवंत कंपनी म्हणजे खात्री, असेही नाही. खुद्द रॉकस्टारने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या तीन जीटीए गेमचा नव्याने सजवलेला संच आणला. त्यातील त्रुटींमुळे अवघ्या काही दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली. हा संच दुसऱ्या स्टुडिओने तयार केला होता, हे खरे. पण खरेदी करणाऱ्यांनी भरवसा ठेवला होता तो रॉकस्टारच्या नावावर.

परीक्षणे वेळेवर का येत नाहीत?

परीक्षकांना गेमची प्रत कंपनीच देते आणि परीक्षण कधी प्रसिद्ध करायचे, याची अटही तीच घालते. परीक्षणे प्रकाशनाच्या काही दिवस आधी येणार असतील, तर ते कंपनीच्या आत्मविश्वासाचे लक्षण मानता येते. ती अगदी प्रकाशनाच्या क्षणापर्यंत रोखली असतील, तर सावध व्हावे. बेथेस्डा कंपनीने तर २०१६ मध्ये परीक्षकांना एकच दिवस आधी प्रती देण्याचे धोरण जाहीर केले होते. परीक्षण कोणत्या यंत्रावर झाले, हेही पाहायला हवे. आपल्याकडे साधा लॅपटॉप असेल, तर महागड्या संगणकावरील परीक्षणाचा उपयोग मर्यादितच.

पैसे परत मिळतात का?

हा निर्णयातील कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दुकानागणिक बदलते. ‘स्टीम’वर जून २०१५ पासून खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. प्री-ऑर्डर केलेला गेम प्रकाशनापर्यंत केव्हाही रद्द करता येतो आणि १४ दिवसांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणजे परीक्षणे वाचून, तासभर खेळून पाहूनही माघार घेता येते. मात्र महाग आवृत्तीतून प्रकाशनाआधी खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून या दोन तासांत धरला जातो.

‘प्लेस्टेशन’वर नियम कडक आहेत. प्रकाशनाच्या १४ दिवसांहून आधी केलेली प्री-ऑर्डर प्रकाशनापर्यंत रद्द करता येते. नंतर केलेल्या प्री-ऑर्डरसाठी पैसे भरल्यापासून १४ दिवस मिळतात, पण गेम डाउनलोड किंवा स्ट्रीम करायला सुरुवात केली, की सहसा तो हक्क जातो. गेम आपोआप डाउनलोड होण्याची सेटिंग सुरू असेल, तर आपण काही न करताच ही मुदत संपू शकते. डिस्क घेणाऱ्याला वेगळा आधार असतो. गेम आवडला नाही, तर ती मित्राला देता येते किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात विकता येते. डिजिटल प्रत विकता येत नाही.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यांच्या कक्षेत येतात. वस्तू किंवा सेवा सदोष असेल अथवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचनांत खोटी निकड भासवून खरेदीस भाग पाडणे अनुचित ठरवले आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

तरीही निव्वळ मन बदलले म्हणून पैसे परत मिळण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. ‘गेम सदोष आहे’ आणि ‘गेम अपेक्षेपेक्षा कमी पडला’ यांतील सीमारेषाही धूसर आहे. ‘नो मॅन्स स्काय’च्या जाहिरातींविरोधातील तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने फेटाळल्या होत्या. दुसरीकडे, पैसे परत मिळण्याच्या हक्काबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०१६ मध्ये ‘स्टीम’ची मालक कंपनी व्हॉल्व्हला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. परदेशात दाद मिळू शकते. पण चार हजारांसाठी तेवढा लढा देणे सामान्य ग्राहकाला परवडणारे नसते.

मग प्री-ऑर्डर कधी करावी?

काही प्रसंगी ती योग्य ठरते. मर्यादित संख्येतील संग्राह्य आवृत्ती हवी असेल, तर तेथे टंचाई खरी असते. पीसीवर आगाऊ खरेदीला थेट सवलत असेल आणि पैसे परत घेण्याची मुदत प्रकाशनानंतरही चालू राहणार असेल, तर जोखीम कमी असते. डेमो खेळून पाहिला असेल, तर निर्णय आंधळा राहत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून अपूर्ण अवस्थेत विक्रीला होता आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला. तेथे आधी पैसे भरणाऱ्यांना निदान पहिल्या दिवसापासून खेळता येत होते आणि आपण काय घेत आहोत, हे माहीत होते. मित्रांबरोबर पहिल्याच रात्री खेळण्याचा आनंदही खोटा नाही. पण त्यासाठी प्री-ऑर्डर लागत नाही, प्रकाशनाच्या दिवशी खरेदी केली तरी पुरते.

किमतीच्या बाबतीतही घाईचा फायदा क्वचितच होतो. ‘द आउटर वर्ल्ड्स २’ची किंमत आधी ८० डॉलर जाहीर झाली आणि जुलै २०२५ मध्ये ती ७० डॉलरवर आणण्यात आली. आगाऊ पैसे भरलेल्यांना फरक परत मिळाला, पण तो कंपनीच्या निर्णयामुळे. एरवी काही महिन्यांत लागणाऱ्या सवलतीतील फरक कोणी परत देत नाही.

म्हणून ‘कंपनीवर विश्वास आहे का’ यापेक्षा साधा प्रश्न विचारावा : माझ्या यंत्रावरील आवृत्तीची परीक्षणे आधी येणार, की पैसे परत मागण्याची मुदत आधी संपणार? परीक्षणे आधी येणार असतील, तर प्री-ऑर्डर केल्याने फारसे बिघडत नाही. रद्द करण्याची शेवटची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी आणि आपोआप डाउनलोड बंद करावे. मुदत आधी संपणार असेल, तर खास पोशाख आणि शस्त्रांच्या बदल्यात सगळी जोखीम आपण घेत आहोत, हे ओळखावे. ‘जीटीए ६’ची जाहीर झालेली आवृत्ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज कन्सोलसाठी आहे. म्हणजे हा प्रश्न आधी येणार तो नियम कडक असलेल्या कन्सोलवरील ग्राहकांपुढे. पीसीवर खेळणाऱ्यांना वाट पाहावीच लागणार आहे, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यात त्यांचे नुकसान होण्याची शक्यता कमी आहे.