तोट्याचा धनी कोण?

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या सूनबाईनें एक करारपत्र आमच्यापुढें ठेविलें आणि विचारिलें, "मामंजी, सही करूं ना?" तिची कादंबरी एका जुन्या प्रकाशनसंस्थेनें पसंत केली आहे. मात्र ती आधीं ई-पुस्तक म्हणून निघावयाची. खपली तरच कागदावर यावयाची. माजघरांत पेढे वांटून झाले होते, म्हणून आम्हीं "उद्यां वाचून सांगतों" इतकेंच म्हटलें.

ही पद्धत मुळांत वाईट नाहीं. कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे हा प्रकाशकाचा खरा घोर. तो टळला कीं अनोळखी लेखकाचें पुस्तक घेण्याचें धैर्य त्यास येतें. संपादन, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ यांचा खर्च मात्र टळत नाहीं. तो कोणीं सोसावयाचा, यांतच सारी मेख आहे.

1949 सालीं कॅनडांत निघालेल्या हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनसंस्थेनें नोव्हेंबर 2009 मध्यें 'करीना प्रेस' ही डिजिटल शाखा जाहीर केली. पहिलीं पुस्तकें जून 2010 मध्यें बाहेर पडलीं. लेखकास आगाऊ रक्कम नाहीं, परंतु मानधनाचा टक्का छापील पुस्तकापेक्षां अधिक, असा तो रोखठोक व्यवहार होता. पुढें रँडम हाऊसनेंही विज्ञानकथांसाठीं 'हायड्रा' ही अशीच शाखा काढिली. 2013 च्या आरंभीं तिचें करारपत्र चव्हाट्यावर आलें. नफ्यांत लेखकाचा निम्मा वांटा. पण आगाऊ रक्कम नाहीं, पुस्तक सिद्ध करण्याचा खर्च आधीं वजा, आणि हक्क प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत प्रकाशकाकडे! अमेरिकेंतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेनें मार्चमध्यें जाहीर केलें कीं, हायड्राचें पुस्तक आमच्या सभासदत्वास ग्राह्य नाहीं. थोड्याच दिवसांत रँडम हाऊसनें कलमें बदललीं, आणि आगाऊ रकमेसह मानधन किंवा नफ्यांत भागी असे दोन मार्ग लेखकांपुढें ठेविले. लेखक एकजुटीनें बोलले, म्हणून हें घडलें.

आमची सूनबाई एकटी. तिच्या कागदांत "निव्वळ उत्पन्नाचा अर्धा भाग" असें गोड वाक्य होतें. आमची हयात समासांचा विग्रह करण्यांत गेली, पण 'निव्वळ' या एका शब्दाच्या पोटांत इतकें मावेल असें वाटलें नव्हतें. दोन पानें उलटल्यावर खुलासा: संपादन, मुखपृष्ठ व जाहिरात वजा जातां उरेल तें निव्वळ. वजा किती, तो आंकडा कोठेंच नाहीं. मुदत "प्रताधिकाराचा संपूर्ण काळ". आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षें चालतो. (सुनेविषयीं असा अभद्र हिशेब करणें जिवावर आलें, पण कायद्यास त्याचें काय?) गंमत अशी कीं, 1957 च्या कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणें करारांत मुदत लिहिलीच नसेल तर हक्क 5 वर्षांपुरतेच दिले असें समजतात. न लिहितां तर बरें होतें. लिहून घात केला.

आम्हीं समासांत पेन्सिलीनें लिहिलें: खर्चास मर्यादा, मुदत 5 वर्षें, दर सहामाहीस हिशेब. सूनबाई हिरमुसली. "मामंजी, इतकें मागितल्यावर त्यांनीं पुस्तकच नाकारलें तर?"

याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. दोन दिवस ती त्या विषयावर बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिनें आपण होऊन तीं तीनही कलमें स्वच्छ उतरून प्रकाशकांकडे धाडलीं. त्यांचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.