पिकाची रात्र आणि रस्त्याचा दिवा



रस्त्याच्या दिव्याजवळची ज्वारी वेळेवर निसवत नाही. बाकीचे वावर पोटरीतून बाहेर पडून दाणा भरायला लागते आणि खांबाभोवतीची झाडे मात्र उंच, हिरवीगार, बिनकणसाची उभी राहतात. शेजारी म्हणतो, बियाण्यात भेसळ होती. साहेब म्हणतात, युरिया जास्त पडला. दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. यातले काहीही झालेले नसताना ज्वारी अशी अडते, तेव्हा त्या झाडांची रात्र हिरावली गेलेली असते.

पिकाला पाणी लागते, खत लागते, ऊन लागते. तसाच काही पिकांना काळोखही लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली हे जगापुढे मांडले. तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसतीच वाढायची, फुलायची नाही. दिवस मावळायच्या आधीच तिच्या कुंड्या अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यांनी तिचा दिवस लहान केला, आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी आपल्या बांधावरच्या लांडग्यावर, म्हणजे कपड्यांना काटेरी फळे चिकटवणाऱ्या त्या तणावर, प्रयोग केले. त्याला फुलायला सुमारे साडेआठ तासांची सलग रात्र पुरते. पण मध्यरात्री क्षणभर उजेड दाखवला, तर फूल येत नाही. झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. मोजणी मधेच मोडली, तर ती रात्र हिशेबातून बाद होते.

जगात या अंधाराची किंमत काही जणांना नीट कळली आहे. कॅनडात परवान्याखाली गांजाची व्यापारी लागवड कायदेशीर आहे. (आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्याशिवाय ते पीक घेणे गुन्हा आहे, हे ध्यानात असावे.) बंद खोलीतल्या त्या पिकाला फुलोऱ्यासाठी बारा तास दिवा आणि बारा तास काळोख देतात. दाराखालची फट, पंख्याचे भोक, यंत्रावरचा मिणमिणता दिवा, सगळे काळ्या पट्टीने बुजवतात. कारण उजेड गळला तर फुले लांबतात, मादी झाडावर नर फुले येऊन मालाची प्रत बिघडण्याचा धोका असतो. आपल्याकडचे शेवंतीवालेही हे जाणतात. फुले लांबवायची तर रात्री दिवे लावतात, लवकर हवी तर काळे कापड ओढतात. ज्याच्या हाती भांडवल आहे, तो अंधारही विकत घेतो. कोरडवाहू शेतकऱ्याला तो निसर्गाने फुकट दिला होता.

या फुकटच्या देणगीवर आपली शेती उभी आहे. विदर्भात जूनचा मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरचा लहान दिवस सुमारे अकरा तासांचा. एवढ्याशा फरकावर आपल्या वाडवडिलांच्या जाती ऋतू ओळखत. पाऊस लवकर येवो की उशिरा, पेरणी मागेपुढे होवो, खरिपाची गावरान ज्वारी पाऊस सरतानाच निसवायची. १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी रात्रीकडे फारसे न पाहता ठरल्या दिवसांत पिकली. तिने उत्पन्न वाढवले, पण कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडू लागला. जुन्या जातींचे घड्याळ किती मोलाचे होते, ते तेव्हा कळले.

रब्बीची मालदांडी अजून हे घड्याळ जपून आहे. तूर, सोयाबीन, अंबाडी हीही रात्र मोजणारी पिके आहेत. आज आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीच्या जाती मात्र रात्रीची फारशी पर्वा करत नाहीत. म्हणून दिव्याखाली कपाशीला पात्या येतात आणि तिच्यातली तुरीची ओळ कळी न धरता हिरवी राहते.

फुलोरा पंधरा दिवस लांबला तर काय बिघडले, असे शहरातला माणूस विचारील. त्याला सांगावे लागेल, की रब्बी ज्वारी काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर जगते. त्या ओलीची पुंजी रोज घटत असते. पंधरा दिवस उशिरा निसवलेल्या कणसात दाणा भरायच्या वेळी जमिनीला भेगा पडलेल्या असतात. बागाईतदार एक पाणी देऊन निभावून नेईल. कोरडवाहूच्या हाती राहतो कडबा. त्यातही जपावे लागते, कारण ताणावरच्या हिरव्या ज्वारीने जनावराला किराळ लागू शकते.

नुकसान दिव्याचेच आहे हे कसे ओळखावे? उजेडाचा फटका खांबाभोवती अर्धवर्तुळात दिसतो आणि लांब जाताना कमी होतो. मधे बाभूळ किंवा भिंत असेल, तर तिच्या सावलीतली झाडे वेळेवर निसवलेली दिसतात. खताचा किंवा बियाण्याचा दोष अशी सावली पाळत नाही. खांबापासून पावले मोजा. पहिल्या ओळीची, मधल्या ओळीची आणि लांबच्या ओळीची निसवण्याची तारीख वहीत लिहा. फोटो काढा, गट नंबर टाका. बैठकीला येताना ही वही सोबत आणा.

दिव्याजवळच्या पट्ट्यात कपाशी किंवा चाऱ्याची ज्वारी घ्यावी. तूर, सोयाबीन, मालदांडी लांब ठेवावी. ही झाली तात्पुरती तडजोड. पण आपल्याच रानात कुठे काय पेरायचे हे टोलनाक्याच्या दिव्याने ठरवावे, हे आम्हाला मान्य नाही.

गावात उजेड नको, असे आम्ही म्हणत नाही. रात्री दवाखान्यात जाणाऱ्या बाईला, पाणी द्यायला निघालेल्या माणसाला उजेड हवाच. आमचे म्हणणे एवढेच, की रस्त्याचा दिवा रस्त्यावर पडावा. रानात सांडलेला उजेड वाटसरूच्या कामाचा नाही आणि त्याचे बिलही जनतेच्याच माथी आहे. दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याचे झाकण लावले, त्याचे तोंड खाली वळवले, की काम भागते. अकरानंतर दिवा बंद करतो, अशी तोडगेबाजी कोणी करील, तर तीही तपासून घ्या. दिवस मावळल्यापासून अकरापर्यंत दिवा जळला तर पिकाला सातच तासांचा काळोख उरतो, म्हणजे जूनच्या रात्रीपेक्षाही आखूड. पिकाचा हिशेब त्याने जुळत नाही. झाकण हाच उपाय.

दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट, कीड यांचे पंचनामे होतात. दिव्याने बुडवलेल्या ओळींचा पंचनामा करायला कोणी येत नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. पहिला, शेतालगतच्या प्रत्येक उंच दिव्याला ज्याचा दिवा त्याने स्वखर्चाने झाकण लावावे. दुसरा, नवा दिवा उभारण्यापूर्वी लगतच्या शेतकऱ्याला लेखी विचारावे. तिसरा, कृषी विद्यापीठांनी मालदांडी आणि तुरीवर रस्त्याच्या दिव्यांचा परिणाम शेतकऱ्यांच्या रानात मोजून जाहीर करावा.

ठराव मंजूर करून घरी जाऊ नका. ग्रामसभेत तोच ठराव घ्या, पोच घ्या, आणि तुरीला कळी धरायच्या आत झाकण बसले की नाही ते खांबाखाली उभे राहून पाहा.